सफरचंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: शुगर, मेण, डबा, उपास आणि मेथांबा

दादर स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर, सोसायटीच्या गेटावरच्या हातगाडीवर, मॉलमध्ये फोमच्या जाळीत, मुंबईत सफरचंद बाराही महिने समोर असतं. त्याच्याबद्दलचे समज-गैरसमजही बारमाही. माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात येणाऱ्या बायका, नुकतेच वेगळं घर केलेले मुलगे, सासूबाईंच्या आहाराची काळजी असलेल्या सुना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलेत. माझं मत आधीच सांगून टाकते: सफरचंद चांगलं फळ आहे, पण आपण त्याला उगाच डोक्यावर बसवून ठेवलंय. खायचं तर हंगामात खावं, आणि जुनं झालं की फेकण्याऐवजी कढईत घालावं.

रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही, हे खरं का?

अमेरिकेतल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. रोज सफरचंद खाणारे आणि न खाणारे यांच्यात शिक्षण, वजन, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरले, तेव्हा डॉक्टरकडे जाण्यात दखल घ्यावी असा फरक उरला नाही. चिठ्ठीवरची औषधं मात्र खाणाऱ्यांना थोडी कमी लागत होती. आता हा सफरचंदाचा गुण की रोज फळ खाण्याइतकी शिस्त असलेल्या माणसाचा, ते तुम्हीच ठरवा.

मग त्यातून नेमकं मिळतं काय?

१०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८५ ग्रॅम पाणीच असतं. उरलेल्यात साखर १० ग्रॅमच्या आसपास, चोथा म्हणजे फायबर साधारण अडीच ग्रॅम, आणि एकूण उष्मांक ५० ते ५५. मध्यम आकाराचं एक फळ सालीसकट खाल्लं तर ९५ च्या आसपास कॅलरी आणि ४ ग्रॅमच्या वर फायबर पोटात जातो. सफरचंदाची खरी कमाई हा फायबरच. त्यातला पेक्टिन नावाचा विरघळणारा भाग आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि कोलेस्टेरॉल थोडंफार उतरवायला मदत करतो. २०२० मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगात कोलेस्टेरॉल जरा वाढलेल्या ४० जणांना आठ आठवडे रोज दोन सफरचंदं दिली, तेव्हा त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल थोडं घटलं. थोडंच. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यावरून बंद करायची नाही.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत मात्र सफरचंद सामान्यच. क जीवनसत्त्व १०० ग्रॅमला जेमतेम ४-५ मिलिग्रॅम. तेवढ्याच पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर जातं. ट्रेनमध्ये तिखटमीठ लावून मिळणारा पेरू या बाबतीत जाळीतल्या विलायती सफरचंदाला केव्हाच मागे टाकतो, आणि किंमत बघाल तर बोलायलाच नको.

सफरचंदाने रक्त वाढतं ना? कापलं की लाल-काळं पडतं ते लोहामुळेच?

नाही, दोन्ही नाही. कापल्यावर पेशी फुटतात, आतलं एक एन्झाइम आणि फळातली पॉलिफेनॉल द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनच्या संगतीत येतात, त्यातून तो तपकिरी रंग तयार होतो. वांगं आणि बटाटाही याच कारणाने काळा पडतो.

लोहाचं गणित करून बघा. १०० ग्रॅम सफरचंदात लोह साधारण ०.१२ मिलिग्रॅम. भारतीय प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम. म्हणजे फक्त सफरचंदावर भागवायचं तर दिवसाला सुमारे २४ किलो लागतील! हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर अळिवाचे लाडू, लिंबू पिळलेली पालेभाजी, खात असाल तर कलेजी, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या. सफरचंद खा, पण या खात्यात त्याची जमा धरू नका.

बाबांना डायबेटिस आहे. सफरचंद चालेल का?

बहुतेकांना चालतं. सफरचंदाचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप) ४० च्या आसपास, म्हणजे कमीच, कारण फायबरमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पण प्रमाण महत्त्वाचं. हल्ली येणारी काही विलायती फळं अडीचशे ग्रॅमची असतात. तसलं एक म्हणजे दोनच. लहान फळ, सालीसकट, दोन जेवणांच्या मधे, सोबत चार बदाम किंवा मूठभर शेंगदाणे, हे ठीक. जेवणावर 'गोड म्हणून' वरून नको. इन्सुलिन चालू असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ज्यूस मात्र पूर्ण बंद. एका ग्लासाला तीन-चार सफरचंदं लागतात, चोथा गाळणीत राहतो आणि साखर ग्लासात येते. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं, खाणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबेटिसचा धोका कमी आढळला, तर फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये जास्त.

साल काढून खावं की सालीसकट?

सालीसकट. फायबरचा बराच वाटा आणि क्वेर्सेटिन हे द्रव्य जवळपास सगळं सालीतच असतं. दात नसलेल्या आजी, लहान बाळ, पोट बिघडलेला माणूस यांच्यासाठी साल काढा.

पण सालीवर मेण असतं. चाकूने खरवडलं की पांढरं निघतं, तो व्हिडिओ बघितला नाही का?

बघितलाय, दर वर्षी कुणीतरी पाठवतंच. मेण असतं, यात खोटं काही नाही. त्यातलं थोडं झाडानेच दिलेलं असतं: सफरचंद स्वतःवर मेणाचा पातळ थर चढवतं, म्हणूनच पंच्याने पुसलं की ते चकाकतं. पॅकिंगच्या वेळी फळ धुतलं जातं तेव्हा हा थर निघतो, मग फळ सुकू नये म्हणून वरून दुसरा चढवतात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मधमाश्यांचं मेण, कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांचं मेण, आणि शेलॅक म्हणजे लाख, एवढ्यांनाच परवानगी आहे, आणि तसं लेबलवर लिहिलेलं असायला हवं. ही तिन्ही पोटात गेली तरी न पचता निघून जातात. कुणी भलतंसलतं मेण फासलं तर तो गुन्हाच, पण डोळ्यांनी बघून हे मेण कुठलं ते तुम्हाला-मला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. लाख एका किड्यापासून मिळते आणि मधमाश्यांचं मेण माश्यांपासून. शेजारी जैन कुटुंब असेल आणि तुम्ही प्रेमाने विलायती सफरचंदांचा बॉक्स नेणार असाल, तर त्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

मेण नकोच असेल तर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून खरखरीत कापडाने पुसा. उकळतं पाणी ओतू नका. मेण पांढरट होऊन चिकटून बसतं आणि साल शिजते ती वेगळी.

औषधं फवारलेली असतात, मग धुवायचं कसं?

मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, बाजारातली 'व्हेजी वॉश'ची बाटली यापेक्षा घरातला खायचा सोडा बरा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगात सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं बुडवलेल्या सफरचंदांच्या सालीवरची दोन कीटक-बुरशीनाशकं साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. प्रमाण सोपं: एक लिटर पाण्याला दोन सपाट चमचे सोडा. नंतर नळाखाली चोळून धुवायचं. सालीच्या आत मुरलेलं औषध मात्र कशानेच निघत नाही. ते नको असेल तर साल काढण्याला पर्याय नाही. दोन्हीकडून फायदा मिळवायचा मोह सोडावा लागतो.

स्टिकर असलेलं सफरचंद चांगल्या प्रतीचं असतं का?

स्टिकरवरचा आकडा दुकानदाराच्या काउंटरसाठी असतो. ४०१६ म्हणजे रेड डेलिशियस या जातीचं मोठं फळ, एवढाच त्याचा अर्थ. पाच आकडी आणि सुरुवातीला ९ असेल तर सेंद्रिय. ८ ने सुरू होणारं फळ जनुकबदल केलेलं असतं हा फॉरवर्ड साफ खोटा आहे. आणि हो, स्टिकर काढून मगच कापा. गोंद लागलेला तेवढा भाग सोलून टाका.

कोणत्या महिन्यात कोणतं सफरचंद घ्यावं?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात आणि खरं तर हाच पहिला विचारायला हवा.

जुलैच्या मध्यापासून हिमाचलचा माल वाशीच्या बाजारात उतरू लागतो. १९९६ मध्ये घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून नवी मुंबईत गेला, तेव्हापासून मुंबईच्या पाटीवरचं जवळपास प्रत्येक फळ वाशीहूनच येतं. हिमाचलातल्या या बागांची गोष्ट मजेची आहे: कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकनाने १९१६ मध्ये तिथे रेड डेलिशियसची रोपं आणली. पुढे हाच गृहस्थ सत्यानंद स्टोक्स झाला आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला.

ऑगस्टअखेरीपासून काश्मीरची आवक वाढते. देशातली बहुतेक सफरचंदं काश्मीरचीच. गणपती ते दिवाळी हा त्यांचा खरा काळ, फळ ताजं, करकरीत आणि त्यातल्या त्यात स्वस्त. दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर महामार्ग अडला की ट्रक घाटात उभे राहतात आणि आठवड्याभरात आपल्या गल्लीतल्या पाटीवर भाव आणि डाग दोन्ही वाढलेले दिसतात. तिथली अंबरी ही देशी जात कधी मिळाली तर सोडू नका. दिसायला डेलिशियसइतकी झोकदार नाही, पण वास असा की पिशवी उघडल्याबरोबर कळतं.

जानेवारीनंतरचं देशी सफरचंद शीतगृहातलं असतं. कमी ऑक्सिजन आणि शून्य अंशाजवळचं तापमान ठेवलं की फळ आठ-दहा महिने झोपून राहतं. हे काही पाप नाही. फक्त बाहेर काढल्यावर ते भराभर पिठूळ होतं, म्हणून एकदम चार किलो घेऊ नये. एप्रिल ते जुलै न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका इथली फळं येतात, कारण त्यांचा हंगाम आपल्या उलट. महाग असतात, पण त्या दिवसांत तीच ताजी. तरी माझा सल्ला विचाराल तर एप्रिल-मेमध्ये सफरचंद कशाला? हापूस, फणस, करवंदं, जांभळं डोळ्यांसमोर असताना!

पाटीवरून निवडताना काय बघायचं?

गडद लाल रंगावर जाऊ नका. काही जातींचा तो रंग फळ तयार व्हायच्या आधीच येतो. फळ उलटं करून बुडाकडचा, लाली नसलेला भाग बघा: हिरवट असेल तर कच्चं, फिकट पिवळसर असेल तर तयार. टिचकी मारा, टणटण वाजायला हवं, भदभद नको. हातात आकाराच्या मानाने जड लागायला हवं. देठाजवळच्या खळग्यात बुरशी किंवा भोक आहे का ते बघा. सालीवर खरबरीत तपकिरी जाळी असेल तर घाबरू नका, चवीला काही होत नाही. फळवाल्याने पिशवीत भरायच्या आधी आपण निवडायचं, मागच्या ढिगातून तो देतो ती नाही.

पेशंटला बघायला जाताना सफरचंदंच का नेतात? न्यावीत का?

कारण ती सोयीची. लोकलच्या गर्दीत चेंगरत नाहीत, हात चिकट होत नाहीत, बेडशेजारच्या स्टुलावर आठवडाभर टिकतात, आणि नेली की नातेवाइकांत कुणी 'काय हे आणलं' म्हणत नाही. औषधी म्हणून कुणी नेत नाही, रीत म्हणून नेतात.

आधी फोन करून विचारा. ऑपरेशननंतर पातळ आहारावर असलेल्या माणसाला ती खाता येत नाहीत. किडनीच्या आजारात पोटॅशियम सांभाळायचं असतं, तिथे सफरचंद केळ्यापेक्षा बरं: १०० ग्रॅम सफरचंदात साधारण १०७ मिलिग्रॅम, केळ्यात साडेतीनशेच्या वर. तरी डॉक्टरांनी दिलेला तक्ता शेवटचा. बहुतेक वेळा पेशंटपेक्षा त्याच्यापाशी रात्र काढणाऱ्या माणसाला पोळी-भाजीचा डबा नेलेला जास्त उपयोगी पडतो.

सहा महिन्यांच्या बाळाला कसं द्यायचं?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, शिजवून. साल आणि गाभा काढून फोडी एका वाटीत, ती वाटी कुकरमध्ये, दोन शिट्ट्या. मग चमच्याने घोटून किंवा गाळणीतून काढून. साखर, मध, मीठ काही नाही. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. कच्च्या सफरचंदाची फोड मात्र दात आले तरी लहान मुलांच्या हातात देऊ नका. टणक तुकडा घशात अडकतो. चार वर्षांचं होईपर्यंत किसून, नाहीतर कागदासारख्या पातळ चकत्या करून द्या.

जुलाबात सफरचंद द्यावं की बद्धकोष्ठात?

दोन्हीत, पण वेगवेगळं. जुलाबात साल काढून शिजवलेलं, कारण पेक्टिन पाणी धरून ठेवतं. मुख्य उपचार मात्र ओआरएस, हे विसरू नका. पोट साफ होत नसेल तर कच्चं, सालीसकट, आणि वर भरपूर पाणी.

सफरचंद खाल्लं की मला गॅस होतो. माझ्यातच काही दोष आहे का?

नाही. सफरचंदात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल बऱ्यापैकी असतं, ते काहींच्या आतड्यात नीट शोषलं जात नाही. अर्धंच खाऊन बघा, शिजवून बघा. तरीही त्रास झाला तर पपई, संत्रं खा. सफरचंद खाल्लंच पाहिजे असा काही कायदा नाही.

चुकून बिया गिळल्या तर?

काही होत नाही. बियांत अमिग्डालिन असतं आणि चावून बारीक केल्यावर त्यातून सायनाइड सुटतं, हे खरं. पण अख्ख्या दोन-चार बिया तशाच बाहेर पडतात. मिक्सरमधून काढताना मात्र गाभा नक्की काढा.

ॲपल सायडर व्हिनेगरने वजन उतरतं का?

२०२४ मध्ये 'उतरतं' असं सांगणारा एक अभ्यास खूप गाजला होता. आकडेवारीत घोळ सापडल्यामुळे तो २०२५ मध्ये मागे घेतला गेला. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. सकाळी उपाशीपोटी तसंच घशाखाली ढकललं तर दातांचं एनॅमल आणि घसा दोन्ही सोलवटतात. कोशिंबिरीत घाला, हवं तेवढं.

औषधाच्या गोळीसोबत सफरचंदाचा रस प्यायला चालतो का?

ॲलर्जीसाठीची फेक्सोफेनाडीन ही गोळी रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते. सफरचंद, संत्रं, ग्रेपफ्रूट तिन्हींच्या रसाने हे होतं. गोळी पाण्याबरोबरच घ्यावी.

स्टेशनबाहेरची फ्रूट प्लेट?

पावसाळ्यात नको. कापलेलं फळ, उघडी पाटी, बर्फ कुठल्या पाण्याचा ठाऊक नाही. अख्खं फळ घ्या आणि घरी कापा.

डब्यातल्या फोडी दुपारपर्यंत काळ्या पडतात. उपाय?

दोन आहेत. दोन ग्लास पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवून त्यात फोडी पाच मिनिटं ठेवायच्या, मग साध्या पाण्यातून काढून पुसून डब्यात. मीठ लागत नाही आणि तीन-चार तास रंग टिकतो. दुसरा मुलांना जास्त आवडतो: गाभ्याभोवतीने फोडी कापायच्या, पुन्हा अख्ख्या फळासारख्या जुळवायच्या आणि वर रबरबँड चढवायचा. हवाच आत जात नाही. लिंबू चोळूनही होतं, पण मग मुलं 'आंबट आहे' म्हणून डबा तसाच परत आणतात.

घेतलेली सफरचंदं पिठूळ निघाली. टाकून देऊ?

मुळीच नाही, शिऱ्याला याहून चांगलं सफरचंद नाही. प्रसादाच्या शिऱ्यात केळं घालतो तसंच हे.

दोन सफरचंदं सोलून किसा. एक चमचा तुपात एक लवंग टाकून कीस परता. आधी पाणी सुटेल, मग ते आटेल, आणि कढईच्या कडेने कीस सोनेरी होऊन वास बदलेल. इथे घाई केली तर शिरा चिकट होतो. दुसऱ्या कढईत अर्धी वाटी तुपात एक वाटी रवा खमंग भाजून दोन वाट्या उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा. रवा फुलला की पाऊण वाटी साखर, मग तो कीस, वेलची, चिमूटभर मीठ आणि पुन्हा एक वाफ. दूध घालायचा मोह आवरा. दालचिनी आवडत असेल तर अगदी किंचित, नाहीतर शिऱ्याला बेकरीचा वास येतो.

सफरचंदाची खीर दर वेळी फाटते. दूध आणि सफरचंद मुळातच विरुद्ध आहे का?

आयुर्वेदात आंबट फळं आणि दूध एकत्र न घेण्याबद्दल सांगितलंय, आणि ते न पाळणारे ज्यूस सेंटरवर रोज ॲपल मिल्कशेक पितात. पचत असेल तर प्या, पण त्यातली साखर बघा. खीर फाटण्याचं कारण मात्र साधं आहे: सफरचंदात मॅलिक ॲसिड असतं, आणि गरम दुधात कच्चा कीस पडला की दूध नासणारच.

म्हणून दोन्ही वेगळं करायचं. एक लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटवा, साखर-केशर घाला, खाली उतरवून गार होऊ द्या. गोड जातीची दोन सफरचंदं किसून तुपात पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, तीही गार करा. मग एकत्र करून फ्रिजमध्ये. पुन्हा गरम करायची नाही. लग्नातले केटरर ॲपल रबडी करतात तीही अशीच, नुसतं दूध जास्त आटवलेलं. हिरवं सफरचंद इथे चालत नाही.

उपासाला सफरचंदाचं तिखट-मीठ असं काही?

कोशिंबीर. भांड्यात आधी एक वाटी घट्ट गोड दही घ्यायचं आणि सफरचंद थेट दह्यातच चिरत जायचं, म्हणजे फोडी काळ्या पडायला वेळच मिळत नाही. दोन चमचे दाण्याचं कूट, चिमूट साखर, डाळिंबाचे दाणे. वरून तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ अगदी पानं वाढताना, नाहीतर पाणी सुटतं. उपास नसेल त्या दिवशी फोडणीऐवजी मोहरी फेसून घाला. नाकात झणका जातो आणि सफरचंदाचा मिळमिळीतपणा कुठल्या कुठे पळतो.

हिरव्या सफरचंदाचं काय करायचं? नुसतं खायला आंबट लागतं.

ग्रॅनी स्मिथ नावाचं हे सफरचंद ऑस्ट्रेलियातलं, १८६८ च्या सुमाराचं. कैरीचा हंगाम संपला की मी त्याचा मेथांबा करते आणि पानात वाढल्यावर निम्म्या लोकांना ते कैरी नाही हे कळतही नाही.

दोन हिरव्या सफरचंदांच्या सालीसकट जाडसर फोडी करा. दोन चमचे तेलात मोहरी, मग अर्धा चमचा मेथीदाणे. दाणे तांबूस व्हायला हवेत, काळे झाले तर कडवटपणा सगळ्यात उतरतो. हिंग, हळद, फोडी, मीठ, एक चमचा लाल तिखट, पाव वाटी पाणी. कैरीत गूळ फोडी शिजल्यावर घालतात. इथे उलट, एक वाफ आली की लगेच पाऊण वाटी गूळ घाला. सफरचंद कैरीपेक्षा लवकर विरघळतं, आणि गूळ पडला की फोडी आहे त्या आकारात राहतात. पाक जरा दाट झाला की बंद. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवस. गरम पोळी किंवा मूगडाळीच्या खिचडीसोबत.

घरी जॅम जमतो का?

जमतो, आणि बाहेरून पेक्टिनची पावडर आणायची गरज नाही. एक किलो सोललेल्या फोडींना ६०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस. साली आणि गाभे मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्यातच उकळा, पेक्टिन तिथे जास्त असतं. शेवटी पुरचुंडी पिळून काढून टाका. गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढली आणि ती मिटली नाही की झाला. मुंबईच्या दमट हवेत ओला चमचा गेला की बुरशी ठरलेली, म्हणून छोट्या बरण्या करा आणि फ्रिजमध्येच ठेवा.

सफरचंदं टोपलीत ठेवायची की फ्रिजमध्ये?

फ्रिजमध्ये. टेबलावरची टोपली फोटोत छान दिसते, पण आपल्याकडच्या तीस-बत्तीस अंशांत फळ आठवड्यात पिठूळ होतं. न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत, खालच्या कप्प्यात. पालेभाजीपासून लांब, कारण सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि कोथिंबीर-पालक पिवळे पडतात. हाच वायू कामालाही येतो: कच्चे चिकू किंवा हिरवी केळी कागदाच्या पिशवीत एका सफरचंदासोबत बांधून ठेवली की लवकर पिकतात. पिशवीतलं एक जरी सडलं तर ते लगेच बाहेर काढा.

बाल्कनीत कुंडीत सफरचंदाचं झाड लावलं तर?

नेहमीच्या जातींना फुलायला हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी ८०० ते १,२०० तास लागते. बोरिवलीत ती कुठून आणणार? हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात काढली, त्यासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती मैदानी भागातही लावतात. पण झाड ते झाडच, त्याला जमीन आणि दिवसभराचं ऊन हवं. दहा बाय चारच्या बाल्कनीत कढीपत्ता लावा, तो रोज लागतो.